फणसाचा ओंडका आणि मोठी चेनसॉ: काय बघून घ्यायची

३ जून २०२० ला 'निसर्ग' वादळ आलं आणि दापोली तालुक्यातल्या आमच्या आगरात आजोबांनी लावलेला फणस मुळासकट आडवा झाला. बुंध्याचा घेर पाच फुटांच्या वर. लाकूड घ्यायला आलेल्या माणसाने जळाऊ लाकडाचा भाव सांगितला. वखारीपर्यंत न्यावा तर आगरात ट्रक उतरत नाही, आणि पाखाडीने एवढा ओंडका कोण वाहणार? म्हणून मी ऑनलाइन मिळाली ती ५८ सीसीची स्वस्त चेनसॉ मागवली. पहिली फळी निम्म्यावर येईपर्यंत तासभर गेला, दुसऱ्या फळीला इंजिन जाम झालं. सायलेन्सर काढून पाहिलं तर पिस्टनवर नखाला लागतील अशा उभ्या चरा पडलेल्या.

फणस शेवटी चिरला, त्याचं माजघराचं दार आणि एक लांब बाक आज घरात आहे. पण त्याआधी जे पैसे गेले ते दुसऱ्या कुणाचे जाऊ नयेत, म्हणून हे सविस्तर लिहितोय. फांद्या तोडायच्या मशीनबद्दल हे नाही. ओंडका उभा, म्हणजे रेषांच्या दिशेने चिरून फळ्या काढायच्या असतील तर कोणती मशीन घ्यावी, एवढ्यापुरतंच बोलतोय.

आधी टेप घेऊन ओंडक्याकडे जा

दुकानात नंतर जा. झाडाच्या सर्वांत जाड भागाचा घेर मोजा आणि ३.१४ ने भागा, व्यास मिळेल. ६३ इंच घेर म्हणजे साधारण २० इंच व्यास. तुमच्याकडे पडलेले आणि पुढच्या दोन-चार वर्षांत चिरायचे असलेले सगळे ओंडके मोजून वहीत लिहा. मशीन सर्वांत मोठ्या ओंडक्याकडे बघून घ्यायची नसते, जास्तीत जास्त ओंडके ज्या मापाचे आहेत त्याकडे बघून घ्यायची. एखादाच ३६ इंची आंबा असेल तर त्याच्यासाठी अवाढव्य मशीन घेऊन ती वर्षभर पडवीत ठेवण्यात अर्थ नाही.

त्याच वेळी ओंडक्याची टोकं नीट बघा. कापलेल्या तोंडावर कुठे काळा-निळा डाग दिसला तर आत लोखंड आहे असं समजा. घराजवळच्या झाडांत वलणीच्या तारेचे खिळे, झोपाळ्याच्या कड्या, कुंपणाची तार असं काहीही झाडाने गिळलेलं असतं. आमच्या आंब्यात चार बोटं आत खिळा निघाला, आणि त्या एका खिळ्याने नव्या साखळीचे अकरा दात गेले. हातात धरायचा छोटा मेटल डिटेक्टर फार महाग नसतो. घराजवळचं झाड असेल तर तो घ्याच.

कागदपत्रं

महाराष्ट्रात झाडतोडीबाबतचा १९६४ चा कायदा लागू आहे. त्याच्या यादीत साग, आंबा, फणस, खैर, ऐन, किंजळ, जांभूळ ही आपल्या रोजच्या ओळखीची झाडं आहेत. स्वतःच्या जमिनीतलं असलं तरी ती तोडायला परवानगी लागते, आणि लाकूड गाडीत घालून हलवायचं तर वाहतुकीचा पास लागतो. झाड वादळाने पडलं असेल तर हात लावण्याआधी फोटो काढा आणि नोंद करून घ्या. शहरी हद्दीत १९७५ चा वेगळा कायदा आहे, तिथे नगरपालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाकडे जावं लागतं. दुसऱ्यांची लाकडं पैसे घेऊन चिरून द्यायचा विचार असेल तर मशीन घेण्याआधीच वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना भेटा. सॉमिलला वनविभागाचा परवाना लागतो, आणि आपलं काम त्यात मोडतं का हे तिथूनच लेखी घ्यावं.

खरंच चेनसॉ हवी का?

हा प्रश्न मला आमच्या सुतारकाकांनी विचारला होता. त्यांनी कापाच्या फटीत पट्टी घालून मोजलं आणि म्हणाले, "तीन सूत भुसा झाला रे प्रत्येक कापाला. हिशेब केलास का?"

तोपर्यंत केला नव्हता. आठ सूत म्हणजे एक इंच. चेनसॉचा काप तीन सूत खातो, सॉमिलच्या बँडसॉचा, म्हणजे पातळ पट्ट्याच्या करवतीचा, एक सूतही नाही. समजा कडा काढून १८ इंच उंचीचा ओंडका उरला आणि एक-एक इंचाच्या फळ्या काढायच्या आहेत. बँडसॉवर १६ फळ्या निघतील, चेनसॉवर १३. तीन फळ्यांचा भुसा. मात्र दोन-दोन इंचाचे जाड तक्ते काढायचे असतील तर बँडसॉवर ८ आणि चेनसॉवर ७, म्हणजे फरक एकाच तक्त्याचा राहतो.

म्हणून माझं मत असं आहे: पातळ फळ्या हव्या असतील आणि ट्रक लागत असेल, तर ओंडका सरळ सॉमिलला न्या, चेनसॉच्या वाटेला जाऊ नका. टेबल, बाक, दारं, खांब यांसाठी जाड, रुंद माल हवा असेल आणि ओंडका जागचा हलत नसेल, तर मात्र चेनसॉसारखं दुसरं साधन नाही. २८ इंच रुंदीचा सलग तक्ता बऱ्याच लहान सॉमिलच्या मशीनवर बसतच नाही.

इंजिन

झाड आडवं तोडताना साखळीला एक-दोन मिनिटं जोर लावावा लागतो, मग विश्रांती मिळते. चिरताना दहा फुटी ओंडक्यात बार (साखळी जिच्या कडेने फिरते ती लांब पट्टी) पूर्ण बुडवून आठ-दहा मिनिटं सलग फुल थ्रॉटल असतो. लहान इंजिन त्या उष्णतेनेच मरतं. माझं तसंच मेलं. त्यामुळे सीसी बघायची ती नुसती ताकदीसाठी नाही, इंजिनाला दमछाक न होता काम करता यावं म्हणूनही बघायची.

माझा अनुभव आणि या कामातल्या लोकांचा ठोकताळा जुळतो तो असा. १२ ते १४ इंच व्यासापर्यंत, तेही अधूनमधून, ६० सीसीवर भागतं. २० इंचांपर्यंत ७० सीसीच्या आसपास हवं. स्टिल आणि हस्कवर्ना या चेनसॉ बनवणाऱ्या कंपन्या; स्टिलची एमएस ३८२ (७२.२ सीसी) किंवा हस्कवर्नाची ३७२ एक्सपी (७०.७ सीसी) या वर्गातल्या. २० ते ३० इंचांसाठी ९० सीसी: स्टिल एमएस ६६१ (९१.१ सीसी, ५.४ किलोवॅट), हस्कवर्ना ३९५ एक्सपी (९३.६ सीसी). त्याच्या वर गेलात, किंवा ऐन-किंजळीसारखं कठीण लाकूड रोज चिरायचं असेल, तर १२० सीसीचा वर्ग. त्यात एमएस ८८० आणि ८८१ (१२१.६ सीसी, ६.४ किलोवॅट) आणि हस्कवर्नाची ३१२० एक्सपी (११८.८ सीसी) येतात.

घरच्या आगरातल्या कामासाठी मी ९० सीसीच्या पुढे जायचा सल्ला देणार नाही. ६६१ चं नुसतं इंजिन ७.४ किलोचं आहे, ८८१ चं जवळजवळ दहा किलोचं. त्यावर ३६ इंची बार, साखळी, पेट्रोल आणि चिरायची चौकट चढवली की १५ किलोच्या पुढे जातं, आणि ते वाकून, गुडघ्यावर बसून ढकलायचं असतं. दुपारपर्यंत कंबर सांगते.

ऑनलाइन मशीनच्या जाहिरातीत सीसी मोठी आणि किंमत छोटी दिसली तर किलोवॅट, म्हणजे इंजिनाची ताकद, किती ते शोधा. तो आकडा दिलेलाच नसेल तर ती मशीन सोडून द्या. बाजारात जुन्या स्टिल ०७० च्या नकलाही भरपूर आहेत. ०७० हे १०६ सीसीचं, सावकाश फिरणारं, दणकट इंजिन होतं आणि चिरकामाला त्याचं नाव होतं, हे खरं. पण त्या बांधणीत चेनब्रेक (साखळी झटक्यात थांबवणारा ब्रेक) नाही, हातांना हादरे कमी बसावेत म्हणून रबर-स्प्रिंगची सोयही नाही. नवशिक्याने अस्सल ०७० सुद्धा घेऊ नये असं मला मनापासून वाटतं, मग नकलेची गोष्टच सोडा.

बार, साखळी आणि चौकट

लोक मशीनवर सगळे पैसे घालतात आणि साखळीवर येऊन थांबतात. मी म्हणेन उलट करा. थोडी लहान मशीन घ्या, पण साखळ्या तीन घ्या.

चिरायला अलास्कन मिल नावाची चौकट वापरतात. बारच्या दोन टोकांना ती पकडते आणि ओंडक्याच्या वरच्या सपाट पृष्ठभागावरून सरकत जाते. दोन उभ्या दांड्यांवर मापं असतात, त्यावर तक्त्याची जाडी ठरते. अमेरिकेतल्या ग्रॅनबर्ग कंपनीची ही चौकट प्रसिद्ध आहे. इथे बरेच जण चौकोनी पाइपची करून घेतात आणि ती चालतेही. करून घेणार असाल तर तीन गोष्टी वेल्डरला समजावून सांगा. पकड बारच्या पुढच्या चाकावर येता कामा नये, त्याच्या मागेच हवी. पकडीचा नट-बोल्ट कुठेही साखळीला लागता कामा नये. आणि सरकणारे दोन पाइप एका पातळीत नसतील तर फळीला पीळ पडणार. काचेवर ठेवून बघा.

ही चौकट बारची चार ते सहा इंच लांबी खाते. ३६ इंची बारवर हातात ३० ते ३२ इंचांचा काप येतो. २० इंची ओंडका आहे म्हणून २० इंची बार घेऊन आलेले लोक मी पाहिलेत.

आता साखळी. साध्या साखळीचे दात वरून २५ ते ३५ अंश तिरके घासलेले असतात, कारण त्यांना लाकडाच्या रेषा आडव्या तोडायच्या असतात. चिरताना रेषांच्या टोकावर काम असतं, तिथे १० अंशांच्या आसपासचा दात लागतो. तिला रिपिंग चेन म्हणतात. काप गुळगुळीत येतो आणि इंजिनावरचा भार कमी होतो. गावाजवळ रिपिंग चेन मिळत नसेल तर साधी साखळी घेऊन प्रत्येक धारेच्या वेळी कोन थोडा-थोडा कमी करत आणा. चार-पाच वेळेत ती १० अंशांवर येते.

साखळी मागताना "३६ इंचाची द्या" एवढं पुरत नाही. पिच, गेज आणि ड्राइव्ह लिंकची संख्या असे तीन आकडे लागतात. लागोपाठच्या तीन रिव्हेटांमधलं अंतर निम्मं केलं की पिच मिळतो. ९० सीसीवर बहुधा ३/८ इंच असतो, १२० सीसीवर .४०४ इंच. ड्राइव्ह लिंक म्हणजे बारच्या खाचेत बसणारी साखळीची पाती, आणि गेज म्हणजे त्या पात्याची जाडी: १.३, १.५ किंवा १.६ मिलिमीटर. हे तिन्ही आकडे बारवर कोरलेले असतात. फोटो काढून मोबाइलमध्ये ठेवा.

दुकानात

नवी मशीन घेताना माझा पहिला प्रश्न किमतीचा नसतो. "ऑइल पंप, क्लच ड्रम, स्प्रॉकेट आज तुमच्याकडे आहेत का?" हा असतो. जिथे हे सुटे भाग कपाटातून काढून दाखवतात, तिथून घ्या, चार पैसे जास्त गेले तरी. पावसाच्या तोंडावर ओंडका अर्धा चिरून पडलेला आणि भाग यायला तीन आठवडे, हे मी भोगलंय. अर्धा चिरलेला आंबा तेवढ्यात निळा पडतो आणि किडा लागतो.

मशीन तिथेच सुरू करायला लावा. बारचं टोक पांढऱ्या पुठ्ठ्यासमोर धरून थ्रॉटल द्या, पुठ्ठ्यावर तेलाची रेघ उमटली पाहिजे. तेलाचा पंप कमी-जास्त करता येतो का विचारा. लांब बारला तेल कमी पडतं, म्हणून ही सोय नसलेली मशीन चिरकामाला घेऊ नका. चेनब्रेक मारून साखळी जागच्या जागी थांबते का बघा.

जुनी मशीन घेत असाल तर आणखी बारकाईने. दोरी हळू ओढा, इंजिनाने हाताला ठळक अडथळा द्यायला हवा. सायलेन्सर काढून पिस्टन बघू द्यायला विक्रेता तयार नसेल तर तिथून निघा. टॉर्च मारा: पिस्टन गुळगुळीत, राखाडी दिसला तर ठीक, उभ्या चरा दिसल्या तर इंजिनाचा खर्च धरूनच भाव करा. कॉम्प्रेशन मीटरवर (इंजिनातला दाब मोजायचं मीटर) १५० पीएसआयच्या खाली असेल तरी तेच. शेवटी मशीन चालू ठेवून रिकामी फिरू द्या आणि तिला सगळ्या बाजूंनी वाकवा. वाकवल्यावर आवाज आपोआप चढत असेल तर कुठेतरी हवा खेचते आहे. तशी मशीन ओंडक्यात तापून जाते.

बजेट मांडताना मशीनच्या किमतीत चौकट, बार, तीन साखळ्या, कानशी आणि अंगावरचं सामान धरा. अंगावरच्या सामानात काटकसर नको. साखळी लागताच धागे सुटून चाक जाम करणारी चेनसॉची खास पँट किंवा चॅप्स, पुढे पोलाद असलेले बूट, चष्मा, आणि कानाला मफ. मोठ्या चेनसॉचा आवाज कानाजवळ १०० डेसिबलच्या वर असतो, कापूस घालून भागत नाही. वाकून काम करताना धूर सरळ तोंडावर येतो, म्हणून मांडवात किंवा भिंतीच्या आडोशाला चिरू नका, वाऱ्याची दिशा बघून ओंडका ठेवा. आणि जोडीला एक माणूस हवाच. एकट्याने कधीच नाही.

पहिला काप

इंधनात चांगलं टू-स्ट्रोक ऑइल, कंपनीच्या पुस्तिकेत असेल त्या प्रमाणात. ५० ला १ म्हणजे लिटरला २० मिली. बारसाठी चेन ऑइलच घ्या. गॅरेजमधलं जळकं ऑइल आपल्याकडे सर्रास घालतात, त्यात धातूची पूड असते. पंप आणि बार दोन्ही झिजतात.

साल कोयत्याने काढून टाका. आपल्या तांबड्या मातीचे कण सालीत घट्ट बसलेले असतात आणि दोन फुटांत साखळी बोथट करतात. ओंडक्याचं एक टोक थोडं उंच ठेवा, म्हणजे मशीन उताराने आपल्या वजनाने सरकते, ढकलावी लागत नाही. पहिल्या कापाला वर सपाटी नसते, म्हणून अॅल्युमिनियमची सरळ शिडी किंवा दोन रंधलेले वासे ओंडक्यावर स्क्रूने बसवून त्यावरून चौकट चालवा. स्क्रू किती खोल गेलाय ते मोजा, तो कापाच्या रेषेच्या वरच थांबला पाहिजे. काप दोन-अडीच फूट पुढे गेला की मागे लाकडी किंवा प्लॅस्टिकची पाचर मारा, पुढेही तशाच मारत चला, नाहीतर वरची फळी बसून बार आवळते. काप संपला की इंजिन लगेच बंद करू नका, मिनिटभर रिकामं फिरू द्या, थंड होऊ द्या.

लक्ष भुशाकडे ठेवा. धार असेल तर भुसा तांदळाच्या कणीसारखा पडतो, बोटांत घेतला तर दाणा लागतो. तो पिठासारखा उडायला लागला, किंवा मशीन दाबावीशी वाटायला लागली, की थांबा. त्या क्षणी दाबलं की तापतं ते इंजिन. मी प्रत्येक टाकी भरताना कानस फिरवतो. ३/८ च्या साखळीला ५.२ किंवा ५.५ मिलिमीटरची गोल कानस, प्रत्येक दाताला तेवढेच फटके. पाच मिनिटं जातात. ९० सीसीवर एका टाकीत २० इंची फणसाचे दोन, फार तर तीन काप होतात, त्यामुळे दिवसाला आठ-दहा तक्ते झाले तर ते चांगलं काम समजा.

फणसाची पहिली कड उचलली तेव्हा आतलं लाकूड हळदीच्या गाठीसारखं पिवळंधमक होतं, आणि कडेला चीक अजून ओला. तो चीक साखळीला आणि बारच्या खाचेला चिकटतो. संध्याकाळी रॉकेलच्या फडक्याने पुसला नाही तर सकाळी साखळी हाताने सरकत नाही.

तक्ते जमिनीवर टाकू नका. टोकांना त्याच दिवशी रंग किंवा मेण लावा, म्हणजे उभ्या भेगा कमी पडतात. मग सावलीत, जमिनीपासून फूटभर उंच, दर दीड-दोन फुटांवर सारख्या जाडीच्या पट्ट्या घालून रचा. पट्ट्या एकाखाली एक सरळ रेषेत हव्यात. वर वजन ठेवा. सुकायला इंचाला एक वर्ष असा अंदाज धरा, किनाऱ्याजवळ पावसाळे त्यात येतातच.

आणि मृग लागण्याआधी मशीनची टाकी रिकामी करा. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते हवेतला ओलावा ओढतं, आणि चार महिने भरून ठेवलं तर कार्ब्युरेटर खराब होतो. तुमच्या मॉडेलला किती टक्के चालतं ते पुस्तिकेत बघून ठेवा. टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, साखळी तेलात बुडवून डब्यात ठेवा, बार उलटा करून कडेचे खडबडीत काठ सपाट कानशीने घासा. दिवाळीनंतर पुन्हा जोडताना बार त्याच उलट्या बाजूने बसवा, म्हणजे दोन्ही कडा सारख्या झिजतात.